शेवटच्या शिडीच्या अलीकडे

आप्पांनी तयार केलेल्या यादीत एकवीस बाबी होत्या. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षे अभियंता म्हणून काढलेल्या माणसाची ती यादी. त्यामुळे तिला समास होता, अनुक्रमांक होते आणि शेवटी तारखेसह सहीही होती. कळसूबाईवर न्यावयाच्या आणि न न्यावयाच्या वस्तू, नाशिकहून निघण्याची वेळ, चढताना कोणी पुढे व कोणी मागे राहायचे याचा क्रम, माकडांसमोर खाण्याची पिशवी उघडू नये ही ताकीद, सर्व काही तीत होते. चौदा जणांना ती घरपोच मिळाली. नातीने तिच्या पाठीमागे डोंगर आणि सूर्य काढला. शेजारच्या काकूंनी कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब मांडला. सोलापूरहून सुट्टीसाठी आलेल्या दादांनी, म्हणजे आप्पांच्या थोरल्या बंधूंनी, ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. "दुकानात मालाची यादी मीच करायचो," ते म्हणाले, "आता धाकटा मला यादी देतो."

दादांचे वय एकोणसत्तर. वडील गेले तेव्हा आप्पा आठवीत होते. दादांनी शिक्षण सोडून कापडाच्या दुकानाची गादी सांभाळली आणि धाकट्याला पुण्याला अभियांत्रिकीला पाठवले. त्या गोष्टीचा उच्चार घरात कोणी करत नाही. करण्याची गरज पडत नाही. आप्पांनी आयुष्यात दादांना कधी 'नाही' म्हटलेले नव्हते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. अकोले तालुक्यात, नाशिक जिल्ह्याच्या सीमेला लागून ते उभे आहे. घोटीवरून बारी गावात पोहोचले की पायथा आला. तेथून वाट सुमारे अडीच-तीन हजार फूट चढते. सरावलेला माणूस तीन तासांत माथा गाठतो, कुटुंबकबिल्याला चार-पाच तास धरावे लागतात. जिथे कातळ सरळ उभा आहे तिथे लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. त्यामुळे या डोंगराला दोराची गरज उरलेली नाही आणि 'शिड्या आहेत, मग काय अवघड!' असे म्हणणाऱ्यांची संख्या वाढलेली आहे. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी पालिताण्याच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढलेल्या असतील, सम्मेदशिखरजीची परिक्रमाही केली असेल. तेथे पाय थकले तर डोली मिळते. कळसूबाईवर डोली नाही. वर गेलेल्या माणसाला स्वतःच्या पायांनीच खाली यावे लागते.

दादांचा सारा भरवसा त्या पालिताण्यावर होता. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनी शत्रुंजय अनवाणी चढला होता, तोही आप्पांच्या मुलाला अर्धी वाट खांद्यावर घेऊन. ही हकीकत त्या आठवड्यात किमान चार वेळा सांगितली गेली.

गिर्यारोहणाच्या इतिहासात नेत्याविषयी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९५३ साली एव्हरेस्टवर हिलरी आणि तेनसिंग पोहोचले. त्या मोहिमेचे नेते जॉन हंट स्वतः सुमारे २७,३५० फुटांपर्यंत सामान वाहून नेऊन, ते वरच्या छावणीसाठी ठेवून परत फिरले. १९६५ च्या भारतीय मोहिमेत नऊ जण शिखरावर उभे राहिले. त्या नऊ जणांत नेते एम. एस. कोहली नव्हते. पण हंट आणि कोहली यांच्या बरोबरीची माणसे निवडलेली, पारखलेली होती आणि नेत्याचा शब्द मानायचा हे आधीच ठरलेले होते. कुटुंबाच्या नेत्याला माणसे निवडता येत नाहीत. ज्यांना तो आज्ञा देणार, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या तो पाया पडतो. कर्जाला जामीन राहिलेल्या माणसासारखी त्याची अवस्था असते: पैसा दुसऱ्याने वापरायचा आणि झोप याने गमवायची.

निघण्याच्या आदल्या रविवारी आप्पांनी सर्वांना घरी बोलावले. मंडळी अशी होती: दादा आणि वहिनी, मुलगा, सून, दोन नातवंडे, पुतणी आणि जावई, सकाळच्या फिरण्याच्या मंडळातले निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी, शेजारचे काका-काकू, मुलाच्या कार्यालयातला एक मित्र आणि स्वतः आप्पा. कोणाला काही आजार, औषध, गुडघा, दमा आहे का, असे आप्पांनी विचारले. सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. वहिनींनी गुडघ्याचे सांगून टाकले आणि आपण पायथ्यालाच थांबणार असे जाहीर केले. बाकी सगळे ठणठणीत. आजार असा चारचौघांत विचारला की मिळणारे उत्तर हे आजाराचे नसते, अब्रूचे असते. प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारायला हवे होते. दादांना रक्तदाब आहे हे आप्पांना ठाऊक होते, पण 'गोळी चालू आहे, सगळे ताब्यात आहे' या दोन वाक्यांवर त्यांनी विषय सोडला. थोरल्या भावाची उलटतपासणी घ्यावी कशी?

जास्त वेळ गेला तो खाण्यापिण्याच्या नियमांत. दादांची रोज नवकारशी आणि चौविहार. डिसेंबरअखेरीस सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पुढे अठ्ठेचाळीस मिनिटे धरली की आठला पाच-दहा मिनिटे कमी. तोवर पाण्याचा थेंबही नाही. संध्याकाळी सहाच्या आत जेवण आटोपायचे. पहाटे चढायला सुरुवात केली तर उपाशीपोटी चढ, उशिरा केली तर खाली यायला अंधार. आप्पांनी त्यावर तोडगा काढला: सातला चालायला लागायचे, आठच्या सुमारास वाटेवरच्या पहिल्या छोट्या देवळापाशी पोहोचायचे आणि तिथेच सर्वांनी न्याहारी करायची. उकळून गार केलेले पाणी प्रत्येकी दोन लिटर. खाकरे, ठेपले, सुकी भेळ, गुळाची पोळी. वाटेवर टपऱ्या लागतात आणि तिथे कांदाभजी तळली जातात, हे आप्पांनी यादीत लिहिले नव्हते. नातवंडांनी ते आधीच शोधून काढले होते.

वार आठवड्यामधला निवडला होता, कारण शनिवार-रविवारी शिड्यांवर रांगा लागतात. पहाटे पाचला गाडी सुटली. घोटी मागे पडल्यावर उजाडू लागले आणि डोंगराची काळी कड दिसू लागली. आप्पांनी मुलांना कळसूची गोष्ट सांगितली. इंदोरे गावच्या पाटलाकडे ती कामाला राहिली, ती एका अटीवर: केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एकदा घरात पाहुणे फार झाले आणि तिला दोन्ही कामे करावी लागली. तशी ती सारे सोडून डोंगरावर निघून गेली आणि पुन्हा खाली आली नाही. महादेव कोळी समाजाची ती देवता. नवरात्रात वर जत्रा भरते.

"ही अट लग्नाआधी मला सुचली असती तर!" वहिनी म्हणाल्या.

गाडीत हशा पिकला. दादाही हसले.

बारीत उतरल्यावर बोचरी थंडी होती. यादीतील अकरावी बाब अशी होती: 'चढ सुरू होण्यापूर्वी स्वेटर, शाली गाडीत ठेवाव्यात. दहा मिनिटांत घाम येतो व मग त्या हातात बाळगाव्या लागतात.' सूचना अगदी बरोबर होती. वहिनी एका ओळखीच्या घरी ओटीवर बसल्या. त्या घरच्या बाईंना संध्याकाळचे जेवण आधीच सांगून ठेवले होते. दादांनी स्वेटर काढून गाडीच्या आसनावर ठेवला आणि काठी हातात घेतली. त्या स्वेटरच्या खिशात वहिनींनी कागदाच्या पुडीत सकाळची गोळी बांधून दिलेली होती.

न्याहारीच्या वेळी दादांचा हात खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला, एवढे सुनेने पाहिले होते. तपकिरीची डबी शोधत असतील असे तिला वाटले. तिने ते नंतर सांगितले.

आप्पांनी क्रम लावला होता तो असा: सर्वांत हळू चालणारे सर्वांत पुढे, तरुण मधे, स्वतः शेवटी. हा क्रम तरुणांना आवडत नाही. मुलाचा मित्र नवे कोरे बूट घालून आला होता. तो पहिल्या पाऊण तासात दोनदा पुढे पळाला आणि दोनदा परत बोलावला गेला. तिसऱ्यांदा टाचेला फोड आल्यामुळे तो आपोआपच क्रमात आला. मुख्याध्यापक वाटेतल्या प्रत्येक झाडाचे नाव सांगत होते. कारवीची झुडपे त्यांनी दाखवली आणि ती सात वर्षांनी एकदाच फुलते हे सांगताना त्यांना जो दम लागला, त्यातून सावरायला सर्वांनाच पाच मिनिटे विश्रांती मिळाली.

पहिली शिडी सगळे हसत चढले. दुसऱ्या शिडीवर दादा मध्येच थांबले. दोन्ही हातांनी कठडा धरलेला, डोळे मिटलेले. खालून आप्पा पाहत होते. पंधरा-वीस आकडे मोजून होतील एवढा वेळ. मग दादा पुन्हा चढू लागले आणि वर पोहोचल्यावर मोठ्याने म्हणाले, "चला, चला, थांबलात काय?"

आप्पा काही बोलले नाहीत. ते त्यांचे चुकले, असेच म्हणावे लागेल. तिथे, दुसऱ्या शिडीच्या डोक्यावर थांबवले असते तर उतरण्याची एक शिडी कमी झाली असती. पण दोन्ही नातवंडे आजोबांकडे पाहत होती, जावई छायाचित्र काढत होते, आणि दादांचा चेहरा घामाने का होईना हसरा होता. माणूस अशा वेळी स्वतःला सांगतो की पुढे बघू.

पुढे म्हणजे शेवटच्या शिडीच्या अलीकडच्या विहिरीपाशी. तिथे थोडी सपाटी आहे, टपऱ्या आहेत, लिंबूसरबत मिळते. साडेअकरा वाजले होते. माथा समोर दिसत होता, अर्ध्या तासाची वाट. दादा दगडावर टेकले, पाण्याची बाटली उघडू लागले आणि बाटलीचे झाकण त्यांच्या हातून दोनदा निसटले.

आप्पांनी इतरांना शिडीकडे पाठवले आणि दादांजवळ येऊन बसले.

"दादा, तुम्ही इथेच थांबा. सामानापाशी कोणीतरी हवे. माकडे फार आहेत."

"त्याला गुरुजी आहेत की. त्यांचे पाय मघापासून दुखताहेत." चाळीस वर्षे गिऱ्हाईक ओळखलेल्या माणसासमोर हा माल खपणारा नव्हता.

आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुमचा हात थरथरतोय. दुसऱ्या शिडीवर तुम्ही डोळे मिटून उभे होता, ते मी पाहिले. मी तुम्हाला वर नेणार नाही."

"नेणार नाही म्हणजे? मी तुझ्या पाठीवर बसलोय का?"

"नाही. पण उतरताना तुमचा तोल गेला तर मला तुम्हाला धरता येणार नाही. एवढी ताकद आता माझ्यात नाही."

दादांनी त्यांच्याकडे पाहिले. संतापाची एक रेघ त्यांच्या कपाळावर आली, लहानपणी आप्पांना जिची भीती वाटे तीच. वरून नात हाका मारत होती, "मोठे आजोबा, या ना!" टपरीवाला तरुण सरबत ढवळायचे थांबून दुसरीकडे पाहू लागला. खेड्यातल्या माणसाला कोणत्या वेळी पाहू नये हे कळते.

"गोळी राहिली," दादा शेवटी म्हणाले. "स्वेटरात आहे."

आप्पांना अकरावी बाब आठवली.

प्रश्न आता दोन होते. उरलेल्यांना वर कोणी न्यायचे, आणि दादांना खाली कसे आणायचे. पहिल्याचे उत्तर सर्वांना सोपे वाटत होते: जावई धिप्पाड, बोलके, पुढे राहणारे. आप्पांनी सुनेला बोलावले. सकाळपासून प्रत्येक थांब्यावर ती ओठ न हलवता माणसे मोजत होती; आप्पांनी ते पाहिले होते. वर वीस मिनिटांपेक्षा अधिक थांबायचे नाही, मुलांना शिडीकडे तोंड करून उतरवायचे, सर्वांत शेवटी तिने उतरायचे, एवढे सांगून त्यांनी आपले घड्याळ तिच्या हातात दिले. जावई थोडे हिरमुसले. काकू, गुरुजी आणि फोडवाला मित्र विहिरीपाशीच राहिले.

दादांनी खाकरा खाल्ला, घरचे लिंबू-मीठ-साखरेचे पाणी हळूहळू घेतले, अर्धा तास पंचा डोक्याखाली घेऊन पडून राहिले. चक्कर थांबली. दोघे भाऊ असे नुसते बसून किती वर्षे झाली होती कोण जाणे. बोलणे फारसे झाले नाही. दुकानासमोरचा कडुनिंब तोडला हे दादांनी सांगितले. मग बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "हे खाली बोलायचे नाही."

"मी बोलणार नाही," आप्पा म्हणाले. "वहिनींना तुम्ही सांगा."

टपरीवाल्या तरुणाने टपरी धाकट्या भावावर सोपवली आणि तो बरोबर निघाला. शिड्यांवर तो दादांच्या खालच्या पायरीवर, दादा शिडीकडे तोंड करून, आप्पा वरच्या पायरीवर. एक पाय, मग दुसरा पाय, मग हात. उन्हाने लोखंड तापले होते. ज्या शिडीला चढताना पाच मिनिटे लागली तिला उतरताना पंधरा लागली. दुसऱ्या शिडीच्या मध्यावर दादा पुन्हा थांबले. खालचा तरुण म्हणाला, "बाबा, घाई नाही. मी हाय." दादा म्हणाले, "घाई नाहीच. श्वास घेतोय." या वेळी त्यांचे डोळे उघडे होते.

मागून वरची मंडळी येऊन मिळाली. नातीने वरच्या देवळाची बातमी आणली: ते अगदी छोटे आहे आणि आत बाबांना वाकून जावे लागले. भंडारदऱ्याचे पाणी दिसले, अलंग-मदन-कुलंगचे तीन कडे दिसले. आप्पा माथ्यावर किती वेळा गेले असतील, पण त्या दिवशी दिसले ते त्यांनी नातीच्या तोंडून ऐकले आणि मुद्दाम दोनदा विचारले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि ते प्रवरेवर आहे, हे त्यांनी तिला सांगून घेतलेच.

बारीत पोहोचायला पावणेपाच झाले. ओटीवर पाने मांडलेली होती. तांदळाची भाकरी, कांदा-लसूण न घातलेले पिठले, वालाची उसळ, ताक. घरच्या बाईंनी पाणी दुहेरी फडक्यातून गाळून उकळले होते आणि तसे वहिनींना दाखवलेही होते. सगळे इतके भुकेले होते की गुरुजींनीही वालाविषयी काही माहिती सांगितली नाही.

जेवणे होताहेत तोच ऊन डोंगराआड गेले आणि गारठा उतरला. वहिनी गाडीतून दादांचा स्वेटर घेऊन आल्या. बाह्या सरळ करताना त्यांच्या हाताला खिशातली पुडी लागली. त्यांनी ती उघडली, पाहिली आणि काही न बोलता पुन्हा बंद केली. ओटीवर चौदा माणसे होती. आप्पा ताकाच्या भांड्यात पाहत होते.

"सकाळची राहिली," दादा म्हणाले. आवाज नेहमीचा, दुकानातला, सर्वांना ऐकू जाईल असा. "वर चक्कर आली. मी जाणारच होतो, याने मला विहिरीपाशी बसवले. ऐकेना."

वहिनी आप्पांकडे एकदा पाहून उठल्या आणि सोलापूरच्या डॉक्टरांना फोन लावायला अंगणाच्या कोपऱ्यात गेल्या, कारण रेंज तिथेच येत होती. सूर्यास्ताला दहा-बारा मिनिटे होती. डॉक्टरांनी काय विचारायचे ते विचारले, गोळी आता द्या म्हणाले आणि उद्या रक्तदाब मोजून कळवायला सांगितले. दादांनी पाण्याबरोबर गोळी घेतली, भांडे उपडे ठेवले आणि हात जोडून चौविहाराचे पच्चक्खाण घेतले.

परतीच्या वाटेवर मुले झोपली. दादा पुढच्या आसनावर होते. घोटी यायच्या सुमारास त्यांनी खिशातून घडी केलेली यादी काढली, गाडीतला दिवा लावायला सांगितला आणि पेन मागितले. अकराव्या बाबीखाली त्यांनी काहीतरी लिहिले आणि कागद मागे दिला. दुकानातल्या वहीसारखे ठसठशीत अक्षर होते: 'औषध ज्याचे त्याच्या सदऱ्याच्या खिशात. थोरल्यांचेही तपासावे.' त्याखाली तारीख घालून त्यांनी सही केली होती.